तलवारबाजाचं न्हाणीघर

ओसाकातल्या माझ्या शेजारीण हात्सुएबाई शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्या. टीव्ही मालिकेतल्या पात्रांवर स्वतः गोष्टी रचायच्या, छापायच्या आणि हौशी लेखकांच्या जत्रेत टेबल मांडून विकायच्या, हा त्यांचा छंद. जीव मात्र साकुनोशिन या तलवारबाजावर. नवरा शेवटच्या आजारपणातही त्याचेच भाग बघत असे, म्हणून साकुनोशिनची टिंगल त्यांना सोसत नाही.

जत्रेत शेजारच्या टेबलाशी पुस्तकांची अदलाबदल करायची रीत आहे. यंदा मी त्यांच्या मदतीला असताना, शेजारच्या टेबलावरच्या मिनोरी नावाच्या मुलीनं त्यांना आपलं पुस्तक दिलं. त्यात साकुनोशिन मेल्यावर परलोकात सार्वजनिक न्हाणीघर चालवतो. हात्सुएबाईंनी ते दोन बोटांत धरलं.

“टवाळीच असणार,” त्या माझ्याशी पुटपुटल्या.

“अहो, वाचून तर बघा.”

“नाही म्हणता येत नाही, म्हणून घेतलंय.”

चुका काढायच्या म्हणूनच त्यांनी ते उघडलं. मी मनात देवाचं नाव घेतलं. तिसऱ्या पानावर त्या थबकल्या. साकुनोशिन प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या उजवीकडेच बसवत होता.

“हे तुला कुणी सांगितलं?” त्यांनी मिनोरीला दरडावून विचारलं.

“कुणी नाही, काकू. त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नसावं. मालिकेत कुणी बोलत नाही, पण डावीकडचा पेला तो मान वळवून शोधतो.”

हात्सुएबाईंनी पुस्तक दोन्ही हातांत धरलं. “आमचे हेही असंच म्हणायचे. मी त्यांना वेड्यात काढलं.”

मग त्यांनी खुर्ची ओढली. “पुढे घोळ घातला असशील, तर सांगेन हं,” म्हणत त्यांनी पान उलटलं.