बाजूला ठेवलेले दोन तुकडे

पाणवठ्यावर परवा पुन्हा तोच वाद निघाला. शेजारीण म्हणाली, "तुम्ही नासरेथकराची माणसं एका पंगतीत जेवता, सगळं एका कोठीत ठेवता, पाण्यात बुडी मारून शुद्ध होता. हे त्या पांढऱ्या कपड्यांच्या एसेनी पंथवाल्यांकडून उचललंय, कबूल कर की!"

"कुणी कुणाकडून काय घेतलं ते शास्त्र्यांना विचार, बये," मी म्हटलं. "मला हिल्किया ठाऊक आहे, बस्स."

हिल्किया एसेनींच्या भाकरी भाजायचा. इथे बेथानीत माझ्या भिंतीला लागूनच त्यांचं घर होतं. वीसेक पुरुष, ना बायको ना पोर. आमच्याशी कामापुरतं बोलायचे. हिल्कियाही तसाच घुमा, पण माझी केत्सिया भिंतीवर चढली की ओरडायचा, "उतर खाली, माकडा!"

एका शब्बाथी, कुठलंही काम न करायच्या दिवशी, ती उतरली, पण पलीकडे. कोकराच्या मागे धावली आणि धपकन त्यांच्या पाण्याच्या टाक्यात पडली. सहा वर्षांची पोर! त्यांचा नियम असा, की शब्बाथी कुणी पाण्यात पडलं तर अंगावरचं वस्त्र खाली सोडावं, पण दोर नाही, शिडी नाही, कुठलंही अवजार नाही. सोडली हो त्यांनी वस्त्रं, खोटं कशाला बोलू! पण ती आखूड पडली. मी भिंतीवरून ऊर बडवत होते. तेवढ्यात हिल्किया धावत गेला, शिडी घेऊन आला आणि पोर वर काढली त्याने.

एवढ्यावर शिक्षा भोगून सुटला असता बिचारा. पण सगळ्यांसमोर त्याला "चुकलो म्हण" म्हणाले, तर हा म्हणाला, "मी नाही चुकलो. नियम चुकलाय." झालं! अंगावरचं पांढरं वस्त्र काढून घेतलं आणि त्याला दाराबाहेर घातलं.

बाहेर घातलेल्या एसेन्याचं काय होतं, ते आम्ही सगळे जाणतो. मंडळीत येताना शपथ घेतलेली असते, की आपल्या पंगतीबाहेर दुसऱ्या कुणाच्या हातचं खाणार नाही. मंडळींनी टाकलं तरी शपथ सुटत नाही. ती पाळत राहिला, तर कधीतरी परत बोलावतील, एवढीच आशा. हिल्किया माझ्या दारासमोरच्या अंजिराखाली बसला आणि गवत खायला लागला.

मी भाकरी नेली, मसुराची आमटी नेली, खजूर नेले.

"नको, बाई."

"माझी पोर काढलीस आणि माझी भाकरी विटाळाची?"

"विटाळ नाही गं. शपथ आहे."

"खड्ड्यात गेली तुझी शपथ!" असं म्हणाले खरी, मग घरात जाऊन रडले. महिनाभरात त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. माझ्या लेकराला जिवंत काढणारा माणूस माझ्याच दारात मरत होता आणि माझ्या हातात ताटभर भाकरी होत्या. तेव्हा मला देवाचासुद्धा राग आला होता.

वल्हांडणाचा सण झाला, मंदिरात पहिली पेंढी अर्पण झाली, जवाची कापणी सुरू झाली. कापणाऱ्यांमागे सरवा वेचणाऱ्या बायका दिसल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तशीच त्याच्याकडे पळाले.

"हिल्किया, शेतात राहिलेली कणसं कुणाची?"

"गरिबाची. मोशेनं सांगितलंय."

"म्हणजे कुणाच्या हातची नव्हेत ना? मग ऊठ!"

 तो पहिल्यांदाच हसला. "बाई, तू पुरुष असतीस तर आमच्यात पंच झाली असतीस."

"तुमच्यात? नको रे बाबा!"

केत्सियाच्या खांद्यावर हात ठेवून तो शेतात गेला. एकेका कणसासाठी वाकायचा आणि धापा टाकत बसायचा. ती हात पुढे करायची, तर म्हणायचा, "तू नको हात लावूस, माकडा." पसाभर जव जमले. त्यानेच भरडले, त्यानेच मळले आणि अंगणातल्या माझ्या तंदुरात एक तळहाताएवढी भाकरी भाजली. त्याने आशीर्वाद म्हटला. मी श्वास रोखून उभी होते.

पण एकट्याने जेवायची सवयच नव्हती त्याला. त्याने भाकरी मोडली आणि अर्धी केत्सियाला दिली. तिने तिच्या अर्ध्याचा तुकडा मोडला, फुंकर मारली आणि त्याच्या ओठांपाशी धरला. "आजोबा, आ करा."

मी "अगं, नको" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. हा घास दुसऱ्याच्या हातचा, हे त्यालाही कळलं होतं. पोरीकडे बघत त्याने तोंड उघडलं. खाताना तो रडत होता.

तीनच दिवसांनी फाटकाशी दोन पांढरे कपडेवाले आले. एक म्हातारा, एक तरुण. तरुणाच्या हातात घडी केलेलं पांढरं वस्त्र होतं. म्हातारा म्हणाला, "हिल्किया, मंडळींना दया आली आहे. शपथ पाळलीस ना?"

"हो" म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं?

"नाही," तो म्हणाला. "या पोरीच्या हातचा तुकडा खाल्लाय. या ना, तुम्हीही बसा."

म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि वळला. तरुण क्षणभर घुटमळला, मग तोही गेला. वस्त्र परत गेलं.

हिल्किया त्यानंतर नऊ वर्षं आमच्यात राहिला. आमच्या पंगतीची भाकरी तोच भाजायचा. वाटण्याआधी दोन तुकडे मोडून दाराकडच्या बाजूला ठेवायचा. भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशी मी चिडवायची, "येतायत वाटतं तुझे भाऊ!" तो म्हणायचा, "येतील गं. शिळे खाल्ले तरी चालतील, पण ठेव."

या हिवाळ्यात तो गेला. पुरून आलो, तर दारात एक जण उभा होता. पांढरं वस्त्र, दाढीत आता पांढरे केस, तरी मी त्याला ओळखलं. हाच तो, तेव्हा घुटमळलेला.  त्याने विचारलं, "त्याने आमच्यासाठी ठेवलेलं काही आहे?"

केत्सियाने आतून हिल्कियाने शेवटचे ठेवलेले दोन तुकडे आणले. चार दिवसांचे, दगडासारखे झालेले. तो उंबऱ्यावर बसला आणि दोन्ही खाल्ले.