मामाजींचे पाय

मंडळी, बावन्नाव्या वर्षी मी फोटोग्राफीच्या कोर्सला नाव घातलं. आज तो सोडणारच होते.

घरच्या माणसाचा फोटो आणायचा होता. मी सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, खुर्चीवर बसवलं, कॅमेरा स्टँडवर लावला, शटर हळू ठेवलं (त्यात जरा हललं तरी पुसट येतं) आणि बारा फोटो काढले. आज वर्गात सरांनी ते पडद्यावर दाखवले. चेहरा स्वच्छ, हात स्वच्छ, पण बाराही फोटोंत पाय हललेले! माझ्या मुलीच्या वयाची ती सगळी पोरं हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन चिडूनच विचारलं, "मामाजी, तुम्ही पाय काहून हलवून राहिले होते?"

"मी कुठं हलवले वं?" ते म्हणाले. तेव्हाही पाय हलतच होते. एक खाली, एक वर, एका तालात.

मामाजींनी चाळीस वर्षं हातमाग चालवला, खालच्या पट्ट्या पायांनी आळीपाळीनं दाबत. माग विकूनही वीस वर्षं झाली. पाय अजून विणूनच राहिले, त्यांनाच पत्ता नाही.

दर दिवाळीला मी या पायांना हात लावते. पाहिले मात्र आज.

कोर्स सोडत नाही. तुम्ही ज्यांच्या पाया पडता, ते पाय कधी नीट पाहिलेत का?