दोना झुल्मिराचं कललेलं दुकान

दोना झुल्मिराचं, म्हणजे झुल्मिराबाईंचं, दुकान पुरूस नदीवर तरंगतं. खाली ओंडके, वर घर, घरातच दुकान. दोराने काठावरच्या झाडाला बांधलेलं. पुरात नदी झाडांच्या शेंड्यांना लागते. ती उतरू लागली की रोज सकाळी दोर सैल करून घर काठीने आत खोल पाण्यात ढकलायचं. यंदा संत जुआंवच्या सणात बाई गावात नाचत राहिल्या. परतल्या तेव्हा घर चिखलात कललेलं आणि नदी लांब खाली.

मनौस शहरातून साहित्याची पदवी घेऊन मी परतलो, तो थेट त्यांच्याकडे.

"त्या बाजूला नको बसूस पोरा, घसरशील."

कॉफीचा पेला टेबलावरून सरकत आपणच माझ्याकडे आला.

"बाई, आता काय करणार?"

"वर पाऊस पडला की उतरती नदी एकदा उसळी घेते. तेव्हा तरंगेन."

"आणि नाही घेतली तर?"

"तर पुढच्या पुरापर्यंत साबण मगरींना विकेन!"

गिऱ्हाइकांच्या होड्या आता खालच्या वळणावर इझाल्तिनाकडे जात. तिचं दुकान काठावर, उंच खांबांवर. दोघी जुन्या मैत्रिणी. "झुल्मिराच्या कॉफीत नदीच जास्त," असं ती एकदा म्हणाली आणि बोलणं तुटलं. आता ती होडीवाल्यांकरवी निरोप धाडी, "विचारा तिला, डोंगरावरची हवा मानवली का?"

मग दक्षिणेचा गार वारा सुटला; इकडे थंडी तिकडूनच येते. सगळं गाव कुडकुडत झोपायच्या झोळ्यांत शिरलं. वर पाऊस झाल्याची बातमी आली. दुपारी आम्ही दारं लावून कॉफी पीत होतो. माझा पेला सरकेना.

"बाई, पेला थांबलाय."

त्यांनी संताच्या तसबिरीचा मुका घेतला. मी खिडकी उघडली.

"बाई, झाडं चालतायत."

"अरे देवा! दोर!"

रुतलेल्या घराला दोर कशाला, म्हणून बाईंनी तो झाडावरून सोडून छपराखाली बांधला होता आणि त्यावर कपडे वाळत घातले होते. मी तो कपड्यांसकट ओढून काढला. वळण आलं. पायऱ्यांवर इझाल्तिना उभी होती.

"फेक गं दोर, बघतेस काय!"

दोना झुल्मिरांनी फेकला. इझाल्तिनाच्या डोक्यावर आधी परकर पडला, मग दोर हाती लागला. तिने तो आपल्या खांबाला आवळला. घर थांबलं. परकर डोक्यावर तसाच.

"आत ये," ती म्हणाली. "खरी कॉफी पाजते."

"येते. साखर माझी आणते. तुझी ओली असते."

आता रोज सकाळी दोघी मिळून ते घर पाण्यात ढकलतात. होड्या दोन्ही दुकानांपुढे थांबतात. काठी कोणी धरायची, यावरून भांडण नदीत लांब वरपर्यंत ऐकू येतं.