जिन्याखालचा आकडा

कागद तळापासून वर वाचणारा माणूस अख्ख्या लालबाग-परळात एकच, आणि तो आमच्या मजल्यावर राहतो. गिरणीत फोल्डिंग खात्यात असताना हे शेजारचे काका ताग्याच्या शेवटच्या टोकावर मीटरचा शिक्का मारत. संपात नोकरी गेली, टोकाकडे बघायची सवय राहिली. औषधाची बाटली आणली की आधी बूड बघणार. लग्नपत्रिका आली की सर्वांत खालची ओळ. "चिंगी आणि पिंट्या 'यायचं हं' म्हणतायत, जायला पायजे," असं म्हणून टोपी झटकणार. लग्न कुणाचं ते काकूंनी वर वाचून सांगायचं. एकदा काकू माहेरी होत्या, तेव्हा काका चिंचपोकळीच्या एका लग्नाला एक दिवस आधी पोहोचले आणि त्या हॉलमधलं बारसं जेवून आले. नाव छान ठेवलं म्हणाले.

संपानंतर त्यांनी भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडला आणि पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरही शिकून घेतला. तिथे त्यांना फूटर भेटला. पानाच्या तळाशी आपोआप उमटणारे आकडे म्हणजे त्यांच्यासाठी पुन्हा शिक्काच. मात्र 'आपोआप' या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. अर्जाखाली आजची तारीख टाकली, तर उद्या फाइल उघडताच ती उद्याची होते. आणि जो आकडा बदलायला हवा, तो जुनाच राहतो. "बदलू नको म्हटला तर बदलता, बदल म्हटला तर हलत नाय. अगदी आमचो जावई!"

आमच्या आणि शेजारच्या चाळीतल्या गिरणी कामगारांची घरांसाठीची यादी मी केली होती. मी चाळीचा सेक्रेटरी, बेरीज तीनदा करतो. आधी नावं एकशे बेचाळीस होती. मग वारलेल्या कामगारांच्या नऊ बायकांचे कागद आले. एकशे एक्कावन्न झाली. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सरकारी कचेरीच्या खिडकीवरच्या कारकुनाने यादी चाळली.

"प्रत्येक पानाखाली 'एकूण नावे १४२' आहे. म्हणजे शेवटची नऊ मागून घुसवलेली. कापतो."

त्या नऊपैकी एक, गिरणीत काकांच्या टेबलावर काम करणाऱ्या जोडीदाराची बायको, काकांच्या नि माझ्या मागेच उभी होती. तिने पदराचं टोक घट्ट धरलं. खिडकी बंद व्हायला पाऊण तास होता.

काका आणि मी यादीचा पेनड्राइव्ह घेऊन समोरच्या टायपिंगच्या दुकानात धावलो. मी तळाचं १४२ खोडून १५१ लिहिलं आणि छापलं. कागदावर पुन्हा १४२!

"वरवर लिहून काय होतंय?" काका म्हणाले. "तो आकडा फाइलच्या माहितीत भरलाय. हा तिथून उचलतो."

तिथे दुरुस्त केलं. मग मी सगळं सिलेक्ट करून आकडे ताजे करणारं एफ-नाइन दाबलं. यादीतली बेरीज सुधारली, तळाला १४२ तसंच.

"सगळं सिलेक्ट केलंय हो, काका!"

"सेक्रेटरी, तू मजले झाडलेस. जिन्याखाली कोण जाणार?"

त्यांनी फूटरवर दोनदा क्लिक केलं, आत शिरून तो आकडा धरला आणि एफ-नाइन दाबलं. १५१! मी ओरडलोच.

"थांब. पहिल्या पानाचा जिना वेगळा आहे." तिथेही ते शिरले.

खिडकीशी पोहोचलो तेव्हा चार मिनिटं उरली होती, आणि काका एकेक पान उलटून तळ तपासत उभे!

"भावोजी, आता द्या की हो मेलं ते!" ती बाई कळवळली. काकांनी शेवटचं पान बघितलं, मगच दिलं. कारकुनाने पोच दिली. बाईंनी तिथेच काकांच्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवला. काका तो चघळत भायखळ्यापर्यंत चालत गेले, कारण तोंडात गोड असताना बसमध्ये चढणं त्यांना बरं वाटेना.

याला बरीच वर्षं झाली. काहींना घरं मिळाली, काही वाट बघतायत, काही वाट बघून गेले. यादीतल्या कुणाच्या तेराव्याहून परतले की काका आमच्याकडे येतात आणि ती फाइल उघडायला लावतात. माझ्या मोजणीने तळाचा तो १५१ कधीचाच चुकीचा झालाय. मागे एकदा मी विचारलं, "काका, अपडेट करू?"

त्यांनी की-बोर्डवर तळहात ठेवला.

"नको रे. ऱ्हवांदे."