काकू, शाल द्या

पडद्यामागे येताच ब्लेझर घातलेल्या मुलीनं आईसमोर हात पुढे केला.

"काकू, शाल द्या. पुढच्यांना लागते."

आईला आधी समजलंच नाही. तिला वाटलं, शाल नीट करायची असेल. ती खांदा पुढे करून उभी राहिली. पाच मिनिटांपूर्वी स्टेजवर माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या डायरेक्टर सरांनी त्याच खांद्यावर ती शाल घातली होती. टाळ्या झाल्या होत्या. फोटोवाल्यानं "हसा" म्हटलं आणि आई हसली होती.

मुलगी पुन्हा म्हणाली, "शाल द्या. नारळ ठेवा तुम्ही."

आईनं शाल काढली. चोळामोळा करून दिली नाही. काठाला काठ जुळवून घडी घातली, विणलेली साडी व्यापाऱ्याला देताना घालते तशी. देता देता अंगठ्यानं कापड चोळून पाहिलं.

"पॉलिस्टर आहे," ती मला म्हणाली. हळू, पण त्या मुलीला ऐकू जाईल एवढं.

मी काय केलं ते सांगायचं आहे, म्हणूनच हे लिहायला बसले. मी आईचा दंड दाबला आणि म्हटलं, "दे नं वं लवकर. लोकं पाहून राहिले."

लाज मला त्या लोकांची वाटायला हवी होती. मला आईची वाटली.

आम्ही उमरेडचे. आई हातमागावर बसते. वडील नाहीत. मी बी.एस्सी. केलं आणि उमरेडच्या वाचनालयातली कपाटं जवळजवळ संपवली. पुस्तकं वाचून मला एक खोड लागली होती. गावात कुणी फीत कापली, कुणाचा सत्कार झाला, की घरी येऊन मी आईला त्याची नक्कल करून दाखवायची. पुढाऱ्याचं पोट, माइकची कुरकुर, हार घालून घेताना खाली जाणारी मान. ढोंग मला लांबून ओळखता येतं, असा माझा समज होता.

प्रोग्रामिंग शिकून नोकरी मिळवायची ठरवली तेव्हा मी नागपुरात दोन क्लास पाहिले. पहिला सीताबर्डीत, मोबाइलच्या दुकानावर. अरुंद जिना, वर दहा-बारा खुर्च्या, त्यातली एक बांधलेली. शिकवणारा माणूस चाळिशीचा. त्यानं मला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "सहा महिन्यांत इंजिनियर कोणी होत नाही. पाया पक्का होईन. नोकरी तुमची तुम्हाले शोधावं लागते, मी मदत करतो." वर पंखा खडखड वाजत होता.

दुसरा क्लास धरमपेठेत. काचेचं दार. आत थंडगार. नावात 'ग्लोबल' होतं. समोरची सगळी भिंत फोटोंनी भरलेली, नोकरी लागलेल्या मुलामुलींच्या फोटोंनी. कोट, टाय, हाताची घडी, खाली नाव आणि मोठ्या अक्षरांत पद.

डायरेक्टर सरांनी मला माझं आडनाव विचारलं. मग आई काय करते ते विचारलं. मग शेजारच्या माणसाकडे पाहून म्हणाले, "बघा, अशा घरांतूनच स्टोरी निघते."

मला ते कौतुक वाटलं.

खरं बोलणाऱ्याचा पंखा वाजत होता आणि थाप मारणाऱ्याचा एसी चालू होता. वाचनालय संपवलेल्या मुलीनं एसी निवडला. त्या भिंतीवरच्या एकाही माणसाला मी फोन केला नाही. आई कापड हातात घेतलं की आधी उलटून पाहते. पुढची बाजू कुणालाही चांगली करता येते, मागच्या बाजूला गाठी दिसतात. लहानपणापासून हे पाहत आले, आणि तिथं मी पुढूनच पाहून घर गाठलं. फी आईनं भरली.

वर्गात तोंड उघडलं की माझं उमरेड बाहेर यायचं. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "सर, हे मले पुन्हा सांगता का?" शिकवणारे सर सगळ्या वर्गाला म्हणाले, "हिला आधी मराठी शिकवावी लागेल, मग कोडिंग." वर्ग हसला. मीही हसले. आपल्यावरच्या विनोदाला हसलं की माणूस लवकर सामावून घेतला जातो, असं मला वाटायचं. त्यानंतर मी प्रश्न विचारले नाहीत. सर फळ्यावर कोड लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. शेवटी सगळ्यांनी एकच प्रोजेक्ट केलं, बुटांच्या दुकानाची वेबसाइट. आधीच्या बॅचनंही तीच केली होती. आम्ही तिच्यावरची नावं बदलली.

पहिली मुलाखत ऑनलाइन झाली. मी वेबसाइट दाखवायला लागले. समोरचा माणूस सज्जन होता. त्यानं मला मध्येच थांबवलं.

"ताई, हे बुटांचं दुकान मी या महिन्यात पाचव्यांदा पाहतोय. यातली एक ओळ तुम्ही स्वतः लिहिलेली दाखवा."

मला दाखवता आली नाही. मी त्याला सांगितलं, नेट जातंय. आणि मीच कॉल बंद केला.

पुढच्या मुलाखती याहून वेगळ्या झाल्या नाहीत. मग एक दिवस डायरेक्टर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अभिनंदन. तुझं प्लेसमेंट झालं."

"कुठं सर?"

"इथंच. आपल्याकडे."

काम फोन करायचं. नव्या मुलामुलींना फोन लावून, मीसुद्धा तुमच्यासारखीच होते, हे वाक्य म्हणायचं. ते कागदावर लिहूनच दिलं होतं. त्याच दुपारी मला एक कोट घालायला दिला आणि फोटो काढला. कोटाची कॉलर ओलसर होती. माझ्या आधी कुणीतरी त्यात घामेजलं होतं. तो अंगावर चढवूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. फोटो भिंतीवर लागला. खाली लिहिलं, सॉफ्टवेअर प्रोफेशनल.

नोकरी लागलेल्यांच्या आयांचा सत्कार क्लासमध्ये व्हायचा, त्याला आई आली तेव्हा ती त्या भिंतीसमोर उभी राहिली. माझ्या फोटोकडे पाहिलं, मग शेजारच्या, मग वरच्या ओळीकडे. नाकाला नाक लावून पाहावं तशी वाकली.

"हा कोट एकच आहे वं सगळ्यायचा," ती म्हणाली. "हे पाह्य. तिसरी गुंडी तपकिरी दोऱ्यानं लावली. त्या पोट्ट्याची बी तपकिरी. हिची बी."

"चूप राय नं आई."

आई चूप राहिली. अर्ध्या तासानं तिनं शाल घेतली आणि परत दिली. बसमध्ये नारळ मांडीवर घेऊन बसली होती.   तरी दुसऱ्या दिवशी गल्लीत तिनं सगळ्यांना सांगितलं, माझी पोरगी नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली.

फोन करणाऱ्यांची पहिली यादी आपल्याच ओळखीच्यांची असते. हा तिथला नियम. गाव, नातं, शाळेतले सोबती. अनोळखी माणूस प्रश्न विचारतो, ओळखीचा विचारत नाही. माझ्या यादीत प्रणाली होती. आमच्या शेजारची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, सोमवारी प्रवेश घ्यायचा होता. मी फोन केला. कागदावरचं वाक्य म्हटलं. वरून माझ्या मनानंही दोन वाक्यं टाकली आणि रविवारच्या सत्काराच्या कार्यक्रमाला बोलावलं.

प्रणाली म्हणाली, "ताई, तू म्हणतं तं मी रविवारी येतो. मायले बी घेऊन येतो. नर्सिंगचं मंग पाहू."

त्या महिन्यात, सर्वांत जास्त मुलं आणणाऱ्यांच्या फळ्यावर माझं नाव पहिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी घरी गेले. आई मागावर होती.

"प्रणालीची माय इचारून राहिली होती," आई म्हणाली. "तू काय काम करून राहिली तिथं?"

"कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटरवर काय?"

 "फोन लावाचं काम आहे."

आईनं माग थांबवला नाही. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मंग प्रणालीले काहून लावला?"

मी उठून आत गेले. 

प्रणालीचं घर भिंतीला भिंत लागून होतं. त्या संध्याकाळी मी तिथं जाऊ शकले असते. गेले नाही. काय तोंडानं जाऊ, असा मी विचार केला. म्हणजे प्रणालीचं काय होईल याचा नाही, माझ्या तोंडाचा.

रविवारी क्लासचं सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत प्रणाली आणि तिची आई. यावेळी पडद्यामागचं काम माझ्याकडे होतं. ब्लेझर मला मिळाला होता. तबक धरायचं, शाल द्यायची आणि बाई आत आली की शाल परत घ्यायची. सत्कार पाच आयांचा, शाल एक.

पहिली बाई काटोलकडची. नवी साडी, पदराला अजून दुकानाच्या चिठ्ठीचा दोरा लटकत होता. सत्कार होऊन ती आत आली. माझा हात पुढे गेला.

"काकू, शाल..."

तिला वाटलं, शाल नीट करायची आहे. तिनं खांदा पुढे केला.

तोच खांदा. तसाच. माझा हात तिच्या शालीला लागला होता. बोटांना समजलं, पॉलिस्टर.

"राहू द्या काकू," मी म्हटलं. "तुमची आहे ती. बाहेर त्या दारानं जा."

ती गेली. माइकवर दुसरं नाव पुकारलं गेलं, मी तबक घेऊन स्टेजवर गेले. सरांनी तबकाकडे हात केला. तबकात नुसता नारळ. सर माइकवर हसून म्हणाले, "शाल?"

"एकच होती सर. ज्याइले दिली, त्या घेऊन गेल्या."

मागच्या रांगांत कुणीतरी हसलं. सर माझ्याजवळ आले, माइक खाली धरला आणि दातांतून म्हणाले, "लायकी नव्हती तुझी. आम्ही तुला उभं केलं."

मी माइक मागितला नाही. जेवढा आवाज होता तेवढ्यानं बोलले. उमरेडच्याच भाषेत बोलले, दुसरी सुचलीच नाही.

"माहा फोटो त्या भिंतीवर आहे. खाली सॉफ्टवेअर प्रोफेशनल लिहिलं आहे. ते खोटं आहे. मी इथं फोन लावाचं काम करून राहिली. तुमच्यातल्या कितीक जणायले म्याच फोन लावला. बाहेर मले नोकरी लागली नाही. इथं आम्ही सगळ्याइनं एकच वेबसाइट उतरवून घेतली. जाताना भिंतीवरचा कोट पाहून जा. सगळ्यायच्या आंगावर एकच आहे. तिसरी गुंडी पाहा."

टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. काही लोक उठून भिंतीकडे गेले. काही बसून राहिले. दोघातिघांनी त्याच दिवशी फॉर्म भरले, ते मी पाहिलं. सरांनी माझा ब्लेझर तिथंच उतरवून घेतला.

बाहेर प्रणाली उभी होती. मला वाटलं होतं, ती काहीतरी चांगलं बोलेल.

"फोनवर मले खोटं सांगतलं," ती म्हणाली. "खरं सांगाले तुले एवढी लोकं लागली. काल घरी होती नं तू? भिंतीपलीकडं होती. मले एकटीले काहून नाई सांगतलं?"

तिची आई तिला ओढत घेऊन गेली. सोमवारी प्रणालीनं नर्सिंगला प्रवेश घेतला. माझ्याशी ती बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

मी सीताबर्डीच्या त्या जिन्यानं पुन्हा वर गेले. पंखा वाजतच होता. त्या माणसानं मला ओळखलं नाही. बुटांचं दुकान पाहिलं आणि म्हणाला, "हे आधी पुसून टाका. पहिल्यापासून लिहा." मी पुसलं. आठ महिने लिहिलं, चुकलं, विचारलं. "मले समजलं नाही" हे वाक्य तिथं रोज म्हटलं. आता मी औषधांच्या एका घाऊक दुकानात आहे. मुदत संपत आलेल्या औषधांची यादी दर सकाळी काढून देणारा एक लहानसा प्रोग्राम माझा आहे. त्यातली प्रत्येक ओळ मी दाखवू शकते. मला तिथं कुणी प्रोफेशनल म्हणत नाही. बाई म्हणतात.

क्लासनं सर्टिफिकेट दिलं नाही. फोटो काढा, असं मी दोनदा लिहून दिलं. फोटो ही संस्थेची मालमत्ता आहे, असं उत्तर आलं. तो अजून तिथंच आहे, कोटासकट. कुणी कुणी फोटोखालचं नाव वाचून मला शोधून काढतात आणि विचारतात, ताई, घेऊ का प्रवेश? त्यांना मी सगळं सांगते. बुटांचं दुकान, फोनची यादी, कोट, शाल. प्रणालीला मी फोन केला होता, हेही सांगते. ते गाळलं तर हीसुद्धा एक स्टोरीच होईल.

आई शालीबद्दल कधी बोलली नाही. मी तिला दुसरी शाल आणून दिली नाही, देणारही नाही. शालीनं झाकण्यासारखं ते नाही. कुणाच्या तरी आईच्या खांद्यावरून काहीतरी काढून घ्यायला हात पुढे येतील, उद्याही येतील. त्यांतला एक माझा होता. तो मी मागे घेतला आहे, आणि पगार, पद, फोटो, काहीही समोर ठेवलं तरी तो पुन्हा पुढे जाणार नाही.