चर्चच्या उत्तरेकडचे अकरा शिंपले

आधीच सांगते, मी देव मानत नाही आणि भुतंही नाही. डेटा इंजिनिअर आहे. नोंद नसेल तर गोष्ट घडलीच नाही, असं म्हणणाऱ्या जमातीतली! मूळची नागपूरची, गेली बारा वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत. हा प्रकार मागच्या वर्षी, एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजता, शेजारच्या किचनमध्ये लख्ख उजेडात घडला.

शेजारी म्हणजे ग्वेन आजी. वय शहाऐंशी, नजर जवळजवळ गेलेली. माझ्या मुलीला तिनेच सांभाळलं, म्हणून आम्हा सगळ्यांची आजी. जन्म वेल्समधल्या एका समुद्रकाठच्या गावात, चौदाव्या वर्षी अमेरिकेत आली. सोमवारी तिचं हार्टचं ऑपरेशन होतं आणि त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती. ती तीन वर्षांची असताना तिची धाकटी बहीण जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. वडिलांनी बाळाला कुठे पुरलं, ते आईला कधीच सांगितलं नाही. आई शेवटपर्यंत विचारत राहिली.

त्या गावात अँग्लिकन चर्च तीन. टेकडीवरचं सगळ्यात जुनं. ते वाळूत बुजायला लागलं म्हणून बंदराजवळ बांधलेलं दुसरं. आणि रेल्वे आल्यावर उन्हाळी पाहुण्यांसाठी उभारलेलं तिसरं. तिन्हींच्या दफनाच्या नोंदवह्यांचे स्कॅन मी तीन आठवडे चाळत होते. मीटिंग चालू असतानाही एका स्क्रीनवर तेच. झोप लागेना, पोळ्या करपायला लागल्या. नवरा, निखिल, म्हणाला, "यार, तू त्या गावाची तलाठी झालीयेस!" बाळ मात्र कुठेच सापडेना.

शेवटचा उपाय म्हणून जुन्या चर्चची देखभाल करणाऱ्या ह्यू नावाच्या गृहस्थांना व्हिडिओ कॉल केला. आजी माझ्या शेजारी बसली होती. ह्यू दक्षिणेच्या दाराशी उभे होते.

"कुठून दाखवू?"

"डावीकडून निघा. चर्च उजव्या हाताला ठेवा."

देव मानत नसले तरी उलटी प्रदक्षिणा मला बघवत नाही... आईनं लावलेली खोड, दुसरं काय! ह्यू हसले.

"तिकडून गेलं की उत्तरेची बाजू लागते. तिथे कुणी फिरकत नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं लोक तिथे गुपचूप पुरायचे, अगदी भिंतीलगत. छपरावरचं पाणी अंगावर पडलं की तोच बाप्तिस्मा, अशी समजूत. त्यांची नोंद नसायची."

तीन आठवडे मी वह्याच चाळत होते!

कॅमेरा वळला. गवत, ओली भिंत... आणि भिंतीच्या पायथ्याशी पांढरे शिंपले, परातीएवढ्या जागेभोवती गोल मांडलेले.

"थांबा! हे शिंपले कुणी ठेवले?"

"कसले शिंपले?"

"अहो काका, तुमच्या बुटांसमोर आहेत!" घाईत तोंडातून मराठीच निघालं. मी पटकन स्क्रीनशॉट घेतला.

आजीनं माझं मनगट धरलं. "किती आहेत?"

मी मोजले. "अकरा."

आजी म्हणाली, "बाबा वर्षातून एकदा मला किनाऱ्यावर एक पांढरा शिंपला शोधायला लावायचे. मग आम्ही टेकडीवर जायचो. मला फाटकाशी उभं करून ते एकटेच चर्चच्या मागे जायचे. मला वाटायचं, त्यांना छंद आहे. चौथ्या वर्षापासून ते आम्ही गाव सोडलं त्या चौदाव्यापर्यंत."

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. अकराच वर्षं.

तिकडे ह्यू खाली बसून हातानं गवत चाचपत होते. "इथे खरंच काही नाहीये हो."

आजीनं ही गोष्ट त्याआधी कुणालाच सांगितली नव्हती. आणि स्क्रीनशॉटमध्ये नुसतं गवत आहे. निखिल म्हणतो, दिवसरात्र तेच डोक्यात होतं, दिसणारच. ठीक आहे, पण अकराच का? त्या दिवसापासून मी अस्वस्थ आहे, ती आहेच.

रविवारी हॉस्पिटलची बॅग भरताना आजी म्हणाली, "आता आई भेटली तर सांगायला काहीतरी आहे."

"असं अभद्र बोलू नकोस," मी चिडलेच.

ऑपरेशनमधून ती परत आली नाही.

मी जे पाहिलं, त्याची नोंद कुठेच नाही. पण तिच्या आईनं तिला भेटल्याबरोबर काय विचारलं असेल, ते मला माहीत आहे... आणि आजीजवळ त्याचं उत्तर होतं.