बंड्याचं पथ्य

तात्या गेल्याचा फोन आला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “मग बंड्याचं कसं?” मागाहून लाज वाटली. वरकुट्याला पोचल्यावर मामीपाशी तसं बोलून दाखवलं, तर ती डोळे पुसत म्हणाली, “त्यांनी बी त्येच इचारलं असतं.”

तात्या म्हणजे माझे थोरले मामा. टोमॅटो-दोडक्याची बाग करायचे. बंड्या त्यांचा म्हातारा कुत्रा. मागच्या उन्हाळ्यात तो सारखा पाणी प्यायला लागला, अंगानं उतरला, तेव्हा मी त्या दोघांना बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, किडन्या थकल्यात, पहिल्यासारख्या होणार नाहीत. पण जपलं तर पुढचे दिवस सुखाचे जातील. मटण-हाडं बंद, मीठ बंद, पाणी भरपूर आणि रोज कातडीखाली थोडं सलाईन.

आता आमचे तात्या वाटसरूलासुद्धा बळंच ताटावर बसवणारे. त्यांनी वस्तीवर दारोदार फिरून ‘आमच्या कुत्र्याला काय बी घालू नगा’ म्हणून सांगावं, याचं सगळ्यांना हसू आलं. बंड्या बिनमिठाच्या भाताला तोंड लावेना, तर तात्या तसलाच भात आपल्या ताटात घेऊन त्याच्या शेजारी बसले. रविवारचं मटणही घरातून गेलं. मी चिडवलं, तर म्हणाले, “त्यानं वास घेत बसायचं आन् आमी वरपायचं? जमायचं न्हाय.” तो भात चिवडणारे तात्या आठवले की अजून हसू येतं.

बंड्या सावरला. सलाईनची सुई मात्र तात्याच टोचायचे. मामीला ती बघवतही नसे. बाटली निघाली की ती आत निघून जायची.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. मामेभावानं बाग नीट सांभाळीन म्हणून सांगितलं, बहिणींना अंतर देणार नाही म्हणाला. कावळे झाडावर गप्प. शेवटी मामी पुढं झाली, हात जोडून म्हणाली, “बंड्याला सुई म्या टोचीन. आता तरी जेवा.” तरी नाहीच. अखेर दर्भाचा कावळा शिववून उरकावं लागलं. परतताना मामी एवढंच म्हणाली, “माझ्यावर इस्वास न्हाय बसला त्यांचा.”

परवा गेलो, तर ओसरीच्या खुंटीला सलाईनची बाटली लटकत होती. मामीनं बंड्याची मानेमागची कातडी चिमटीत धरली, ओठ घट्ट मिटले. सुई आत गेली. बंड्या हललासुद्धा नाही. मग तिनं अंगणातल्या लिंबावरच्या कावळ्याकडं मान वर केली.

“टोचली बगा,” ती म्हणाली.

मामेभाऊ हळूच म्हणाला, “रोज सांगती.”